एकही तक्रार नाही

एकही तक्रार आली नाही, तेव्हाच मार्लिसला शंका यायला हवी होती.

संगणकाच्या सी भाषेतला प्रोग्राम एका यंत्रावर सुखाने नांदतो आणि दुसऱ्यावर जाताच रुसून बसतो. हे रुसवे काढणाऱ्या छोट्या फायलींचं सामाईक भांडार वेंडेल हाउगेन यांनी सव्वीस वर्षं सांभाळलं होतं. शेकडो प्रकल्प त्यातून हव्या त्या फायली उचलत. पंचाहत्तरी आली तसं त्यांनी ते आपल्याच डुलुथ शहरातल्या मार्लिस टॉलेफसनच्या हाती दिलं, पण वसंतापर्यंत, परीक्षेवर. "कुणाचं काही मोडायचं नाही. मोडलंस तर भांडाराच्या किल्ल्या परत," एवढं बजावून ते गोठलेल्या तळ्यावर झोपडी टाकून मासे धरायला गेले.

मार्लिसने लगेच साफसफाई काढली. साठ ओळींची एक फाईल जुन्यापुराण्या यंत्रासाठी होती. ते बनवणारी कंपनीसुद्धा कधीच बुडाली होती. तरी तिने रीतसर टपालयादीवर, म्हणजे एकाचं ई-पत्र सगळ्यांना पोचवणाऱ्या यादीवर, विचारलं, "हे यंत्र अजून कोणी वापरतं का? तीस दिवसांत बोला." कोणी बोललं नाही. एकतिसाव्या दिवशी, शनिवारी, फाईल गेली.

आणि काय आश्चर्य! एरवी एका स्वल्पविरामावरून चाळीस पत्रं लिहिणारी मंडळी सोमवारपासून चिडीचूप.

"बघ ड्वेन," ती शुक्रवारी नवऱ्याला म्हणाली, "सगळे खूश आहेत!"

"ती माणसं? खूश?" ड्वेनचा घास हातातच राहिला. "मेलीबिली नाहीत ना?"

शनिवारी सकाळी वेंडेलचा फोन आला. ते तळ्यावरून परतले होते. "पोरी, आत्ताच्या आत्ता घरी ये."

त्यांच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, पिवळट पडलेलं एक धूड उभं होतं. त्यावरचं बुडालेल्या कंपनीचं नाव मार्लिसने दोनदा वाचलं.

"हे... हे अजून चालतं?"

"गेल्या रविवारपर्यंत चालत होतं. दर रविवारी भांडारातून नवं ते आपलं आपण घेतं. या वेळी त्याची फाईलच नव्हती."

"आणि याच्यावर काय चालतं?"

"आपली टपालयादी."

मार्लिसला तो तीस दिवसांचा प्रश्न आठवला. यंत्र कोणी वापरतं का, हे तिने त्या यंत्राकरवीच सगळ्या जगाला विचारलं होतं!

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तळ्यावर कुठलं आलंय टपाल?"

"मी फाईल आत्ता परत घालते!"

"थांब. कुठलाही बदल आधी यादीवर वाचला जातो. हरकती येतात. मग होतो."

"अहो, यादीच बंद आहे!"

वेंडेलनी डोकं खाजवलं. "मग मीच यादी. वाच."

मार्लिसने लॅपटॉपवर जुनी फाईल उघडून साठच्या साठ ओळी मोठ्याने वाचल्या. वेंडेल तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. "हरकत?" तिने भीतभीत विचारलं.

"आहे. बाराव्या ओळीत कंसाआधी जागा सोडलेली नाही. कुणी लिहिलंय हे गबाळं?"

"तुम्ही."

वेंडेलनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जागा सोडली गेली, फाईल परत बसली, धूड कण्हत सुरू झालं आणि आठवडाभर खोळंबलेली पत्रं धडाधड कोसळू लागली. दोनशे बारा. प्रत्येकात यादी बंद पडल्याबद्दल तिच्या नावाने शंख.

मार्लिसने निमूटपणे किल्ल्या पुढे केल्या. वेंडेलनी पत्रांकडे पाहिलं, किल्ल्यांकडे पाहिलं आणि घाईघाईने टोपी चढवली.

"राहू देत तुझ्याचकडे," ते जिना चढत म्हणाले. "तळ्यावरचा बर्फ अजून महिनाभर टिकेल."