आमची दोन स्वतंत्र मतं

निःपक्षपातीपणात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आमचं ऑफिसच तसलं आहे. जगभरातल्या विद्वानांनी एखाद्या प्रश्नावर जे काही संशोधन करून ठेवलंय ते सगळं गोळा करायचं, त्यातलं कच्चं बाजूला काढायचं आणि उरलेल्यावरून खरं काय ते सांगायचं. याला पद्धतशीर आढावा म्हणतात. सध्याचा आमचा प्रश्न होता, गृहपाठ दिल्यानं मुलं खरंच हुशार होतात का? माझं उत्तर मला दुसरीतच मिळालं होतं, पण आढाव्यात स्वतःचा अनुभव चालत नाही.

पद्धत अशी. प्रत्येक शोधनिबंध दोघांनी वाचायचा. वेगवेगळा, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. लेखकाचं नाव झाकलेलं. वाचून कॉम्प्युटरवर ‘घ्या’ किंवा ‘काढा’ असं लिहायचं आणि खाली कारण द्यायचं. दोघांचं जुळलं तर प्रश्न मिटला. नाही जुळलं तर निबंध कारणांसकट तिसऱ्याकडे, म्हणजे साहेबांकडे जातो.

या खेपेला साहेबांनी माझ्या जोडीला कुणाला द्यावं? माझ्या बायकोला! ती त्याच ऑफिसात, माझ्या आधीपासून, आणि पक्क्या नोकरीत. मी म्हटलं, "साहेब, नवरा-बायकोची मतं स्वतंत्र कशी धरायची?"

"तुमचं दोघांचं आजवर एका तरी गोष्टीवर एकमत झालंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. तेवढंच काय ते एकमत.

माझी नोकरी मात्र कराराची, आणि मुदत महिनाअखेर संपत होती. ती वाढवायची की नाही, हे साहेब या आढाव्यातलं माझं काम बघून ठरवणार होते. आणि मी घरी आईला ‘झालंच समज’ असं सांगून मोकळा झालो होतो! आईनं लगेच मावशीला, आत्याला, मामाला फोन लावले. आता मुदत वाढली नसती तर मला घरात तोंड दाखवायला जागा नव्हती.

तर एका सकाळी माझ्यापुढे एक निबंध आला. त्यात मुलं किती? अकरा! त्यातली चार एकाच घरातली. शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा माणूस एकच. आणि शेवटी निष्कर्ष काय, तर गृहपाठानं मुलांचं आयुष्य उजळून निघतं! मी हात चोळले. ‘काढा’ लिहिलं आणि खाली कारण दिलं, "अकरा मुलं, त्यात चार सख्खी भावंडं. हे संशोधन आहे की वाढदिवसाचं आमंत्रण?" मग स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायला गेलो.

चहाच्या टेबलाशी आमच्या ग्रंथपाल बाई उभ्या होत्या. निबंध शोधून आणणं आणि त्यांवरची नावं झाकणं हे त्यांचं काम. नावं त्या अगदी काटेकोरपणे झाकतात आणि मग चहा पिताना सगळ्यांना सांगतात.

"या ढिगात आपल्या साहेबांचाही एक आहे हं," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांचा पहिलावहिला. बिचाऱ्यांना मुलं अकराच मिळाली होती."

म्हणजे आमचं जुळलं नाही, तर माझं ते वाढदिवसाचं आमंत्रण थेट साहेबांच्याच हातात! बायकोनं काय लिहिलं असेल? तिला विचारायची सोय नाही. नियमाच्या बाबतीत ती इतकी कडक, की ऑफिसात मला किती वाजले तेही सांगत नाही. तरी मी घरी जेवताना सहज विषय काढला.

"समजा, एखाद्यानं अकराच मुलं घेतली..."

"नियम!" तिनं कानांवर हात ठेवले.

"नाव कुठे घेतोय मी? नुसतं समज..."

"कुणाची रे अकरा मुलं?" आईचा घास हातातच राहिला.

"कुणाची नाही गं. आणि त्यातली चारच एका घरातली."

"मग बाकीच्या सातांचे आईबाप कुठे गेले?"

"आई, याला वाढा अजून," बायको म्हणाली. "तोंड भरलेलं असलं की नियम पाळतो."

तिला कसलाही संशय आलेला नाही याची मला खात्री पटली. आता मीच डोकं चालवलं. हिला साधा फुटका कप टाकवत नाही, ही एखाद्याचा निबंध काय टाकणार? तिनं ‘घ्या’च लिहिलं असणार. मीही ‘घ्या’ केलं की जुळलं! दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो आणि मत बदललं. कारणही झकास दिलं, "लहान पण जिव्हाळ्याचा अभ्यास. लेखकाच्या दूरदृष्टीला सलाम!"

दुपारी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. केबिनच्या दारातच बायको कुजबुजली, "घाबरू नकोस. मला बाईंनी सगळं सांगितलंय. तू नक्की ‘काढा’ लिहून काहीतरी आगाऊपणा केला असशील, म्हणून मीही माझं ‘घ्या’ बदलून ‘काढा’ केलंय. जुळलं की तो निबंध ढिगात बुडाला, साहेबांपर्यंत जातच नाही!"

"अगं, पण मी ‘घ्या’ केलं!"

आणि मला एकदम भरून आलं. माझ्यासाठी हिनं नियम मोडला! दोघांपैकी एकानं जरी थोडं कमी प्रेम केलं असतं, तरी आम्ही वाचलो असतो.

साहेबांनी आधी बायकोचं कारण मोठ्यानं वाचलं. "‘या हिशेबानं आमच्या घरातल्या तिघांवरही एक निबंध होईल.’" आणि खो खो हसले! मग माझं वाचलं. "‘दूरदृष्टीला सलाम’? हा निबंध माझा आहे."

"काय सांगता साहेब!" मी इतका खोटा दचकलो की खुर्चीच सरकली.

"तरुणपणी केलेला मूर्खपणा. ती चार मुलंही माझीच. तुम्हाला कच्चं ओळखता येतं का ते बघायला मी तो मुद्दाम ढिगात घातला. आणि तुम्ही सलाम ठोकून बसलात! तुमची मुदत वाढवायची ती कशाच्या जोरावर?"

तेवढ्यात बायको पुढे झाली. "साहेब, त्यानं आधी ‘काढा’च लिहिलं होतं. ‘घ्या’ माझं होतं. आम्ही दोघांनीही नंतर बदललं."

साहेबांनी कॉम्प्युटरवर जुनी नोंद काढली. वाढदिवसाच्या आमंत्रणाला ते हसले नाहीत. "म्हणजे यांचं बरोबर होतं ते यांनी चुकवलं, आणि तुमचं चूक होतं ते तुम्ही बरोबर केलंत! आपसात बोलला होतात?"

"छे साहेब! नियम आहे ना!" आम्ही दोघं पुन्हा एकदम.

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "नजर चांगली आहे तुमची, म्हणून मुदत वाढवतो. पण मत द्यायच्या कामावर नको. एकच निबंध दोनदा आला असेल तर त्यातली एक प्रत काढून टाकायची, एवढंच करा. त्याला मत लागत नाही."

आईनं पुन्हा सगळ्यांना फोन करून ही बढती आहे असं सांगितलं. मी काही दुरुस्ती केली नाही. काम खरंच सोपं आहे. फक्त काल एक निबंध दोनदा आला आणि दोन्ही प्रती अगदी हुबेहूब. कुठली काढायची? बराच वेळ आलटून पालटून बघितल्या. शेवटी उठलो आणि हळूच बायकोच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.

"दुसरी काढ," ती मान वर न करता म्हणाली.