गुणतक्त्यात म्हैस

तालुक्याच्या बेसबॉल स्पर्धेचा गुणतक्ता अश्विनीनं सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवला, आणि साडेसातलाच वेल्ह्याहून कुणा धनाजीचा फोन आला.

"ताई, म्हैस कितव्या वेताची?"

अश्विनी भोरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. चुकून लागला असेल म्हणून तिनं फोन ठेवला. असाच आणखी एक आला, तेव्हा मात्र तिनं तक्ता उघडला आणि तोंडाकडं नेलेला कप अर्ध्यावरच थांबला. पाच संघांपुढं त्यांची बोधचिन्हं होती. सहाव्या संघापुढं, कामथडीपुढं, काळीभोर म्हैस उभी होती.

संघापुढं त्याचं चिन्ह आपोआप येऊन बसावं म्हणून तिनं कोड लिहिला होता. कर्णधारानं पाठवलेला शेवटचा फोटो उचलायचा आणि नावापुढं लावायचा. कामथडीच्या कर्णधार सोनियानं नागाचं चिन्ह पाठवलं होतं खरं. पण म्हैस व्याली, खरवस आणते, असं कळवताना मागोमाग म्हशीचाही फोटो धाडला होता. तक्त्याखाली चौकशीसाठी नंबर होता अश्विनीचा.

धनाजीनं तर आकडेही वाचले होते. 'सा. ४, वि. ३, प. १, गु. ६.' म्हणजे सड चार, तीन चालू, एक बाद, दूध सहा लिटर. हे सामने आहेत हो, असं अश्विनीनं परोपरीनं सांगितलं. त्याला ते पटलं नाही. तो टेम्पो घेऊन थेट कामथडीला गेला.

फोटो पाहताच गावानं घर दाखवलं. म्हैस विकायला काढलीय, हे सोनियाच्या आईनं, सरूबाईंनी, कसंबसं ऐकून घेतलं. पण एक सड बाद म्हटल्यावर त्या पेटल्या. त्यांनी म्हैस आणि रेडकू त्याच टेम्पोत चढवलं आणि तक्ता काढणाऱ्या म्याडमना दाखवायला भोरचं मैदान गाठलं.

सामना थांबला. दोन्ही संघ, पंच आणि अश्विनी यांच्यादेखत सरूबाईंनी रेडकू लावलं, पान्हा सोडवला आणि चारही सडांच्या धारा बादलीत काढून दाखवल्या. धनाजी म्हणाला, घेतली.

"इकायची कुणाला हाय?" सरूबाई उठल्या. "म्याडम, त्यो एक बाद तेवढा खोडा."

"अहो, तो म्हशीचा नाही. कामथडी एक सामना हरली, त्याचा आहे."

सरूबाई सावकाश सोनियाकडं वळल्या.

"सगळं जितलो म्हनालीस न्हवं?"

सोनिया म्हशीच्या पलीकडं जाऊन उभी राहिली.