कस्टममध्ये अडकलेला कुडू

परदेशातून बंदूक घेऊन परत येताना कस्टममधून कसं सुटायचं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं. निदान त्या दिवशी विमान उतरेपर्यंत तरी माझं असं ठाम मत होतं. निघण्याआधीच मी कस्टमच्या कचेरीत जाऊन बंदुकीचा नंबर नोंदवून घेतला होता. नाहीतर परत आल्यावर विचारतात, ही तिकडे विकत घेतलीत का? पेटीला दोन कुलपं होती, काडतुसं वेगळ्या डब्यात होती, आणि शेजारी बसलेल्या मेहुण्याला मी अख्खा अटलांटिक ओलांडेपर्यंत शिकवत होतो.

"बोलायचं मी. तू नुसतं उभं राहायचं. आणि दोघांनी एकत्रच जायचं, एका घरचे म्हणून. लवकर सुटका होते."

"बरं, दाजी," डेल म्हणाला.

डेल टोलेफसन म्हणजे माझी बायको मार्लिस हिचा धाकटा भाऊ. अंगानं दरवाजाएवढा आणि मनानं इतका साधा, की माझ्यासारख्या माणसाचंही त्याला सगळं खरं वाटतं. हा त्याचा गुण मला फार आवडायचा. त्या दिवशी तोच नडला.

आता थोडं घरचं सांगतो. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला जंगलात माझ्या सासऱ्यांचं, ऑरिन टोलेफसन यांचं, लाकडी खोपटं आहे. नोव्हेंबर लागला की आम्ही पुरुषमाणसं हरणांच्या शिकारीला तिथे जाऊन राहतो आणि घरी बायका सुटकेचा निःश्वास टाकतात. खोपट्याचे नियम दोनच. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीनं कापायचं आणि नाव घालून भिंतीवर ठोकायचं. त्याला आम्ही शेपूटच म्हणतो. भिंतीवर इतरांची एखाददुसरी शेपटं आहेत. माझी इतकी आहेत, की सासूबाईंनी एकदा गोधडी शिवायला मागितली होती. दुसरा नियम असा, की नेमबाजांनी शेगडीजवळ झोपायचं आणि बाकीच्यांनी दाराजवळ. लग्न झाल्यापासून मी दाराजवळ झोपतो. त्या दाराला खाली फट आहे आणि बाहेर बर्फ असतं.

म्हणून मी नामिबियाला गेलो. तिथे कुडू असतो. चांगलं घोड्याएवढं हरीण, पीळ दिल्यासारखी शिंगं. एक कुडू मारला की आमच्या साध्या हरणांचा हिशेब मिटला, असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. डेल म्हणाला, दाजी, मी पण येतो. सासऱ्यांनी आपली लाल चिकटपट्टी आणली आणि दोघांच्याही बंदुकीच्या नळीच्या तोंडावर लावून दिली. नळीत धूळ जाऊ नये म्हणून आमच्याकडे लावतात. गोळी पट्टी फोडून जाते, नेमाला काही होत नाही.

"जावईबापू," अंगठ्यानं पट्टी दाबत सासरे म्हणाले, "ही फुटून आली, की शेगडीजवळची खाट तुमची. कायमची."

नामिबियात डेल एका शेतावर राहिला, मी दुसऱ्या. माझ्याबरोबर इरास्टस नावाचा वाटाड्या होता. दुसऱ्याच सकाळी त्यानं काटेरी झुडपांमधून मला कुडू दाखवला. मी नेम धरला. तेवढ्यात कुडूनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आमच्या पाद्रीबुवांना प्रवचनात कुणी डुलक्या घेताना दिसला की ते जसे न रागावता बघत राहतात ना, अगदी तसं. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे बघतोय. शेवटी तो कंटाळला आणि निघून गेला.

"साहेब, काय झालं?" इरास्टसनं विचारलं.

"वारा बघत होतो."

"वारा नव्हताच," इरास्टस म्हणाला. त्यानंतर मी गुडघा दुखतोय असं सांगून उरलेले दिवस पडवीत कॉफी पीत काढले. त्यांची कॉफी छान असते.

परतताना विंडहूकच्या विमानतळावर डेल भेटला. त्याच्या बुटांना घोट्यापर्यंत माती लागली होती आणि चेहरा उन्हानं सोलपटला होता. त्याला तिथलं एक शिंगाळं हरीण मिळालं होतं. पण ते त्यानं नंतर सांगितलं. आधी म्हणाला, "दाजी, मिळाला का?"

शपथेवर सांगतो, नाही म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं. पण डोळ्यांपुढे ती दाराखालची फट आली.

"मिळाला की," मी म्हणालो.

डेलनं मला मिठी मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सावरायच्या आत त्यानं घरी फोन लावून बापाला सांगूनही टाकलं. फोटो? फोन हौदात पडला. शिंगं? ती मागाहून बोटीनं येतात, सगळ्यांचीच येतात, डेलचीही बोटीनंच येणार होती. माझी बोट वाटेत बुडवायची असं मी मनाशी ठरवलं. विंडहूकला माझा कुडू दोनशे पावलांवर होता, अटलांटिकवर चारशे झाला, आणि विमान उतरायला लागलं तेव्हा आडवा वाराही सुटला होता. इरास्टस आनंदानं रडला, हे मी जेवण येण्याआधी घातलं. रिकाम्या पोटी मला जास्त सुचतं.

तर असे आम्ही दोघे, एका घरचे म्हणून, एकाच टेबलासमोर उभे राहिलो. टेबलामागे इबारा नावाच्या अधिकारी बाई होत्या. त्यांच्या डोक्यावर पाटी होती, की इथे खोटं सांगणं हा गुन्हा असून त्याला दंड आणि कैद होऊ शकते. बाईंनी कागदावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर ताडून पाहिला. जुळला. बघ, अशा अर्थानं मी डेलला कोपरखळी मारली.

"शिकार काय केलीत?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न मी गृहीत धरलाच नव्हता. "देश फार सुंदर आहे हो," मी म्हणालो.

"देशाचं नाही विचारलं मी. जनावर कुठलं मारलंत?"

"लोकसुद्धा फार चांगले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. डेलला वाटलं, दाजी संकोचतायत. "बाई, ते स्वतःच्या तोंडानं सांगायचे नाहीत," तो म्हणाला. "कुडू मारलाय त्यांनी! चारशे पावलांवरून, आडव्या वाऱ्यात!"

"वा," म्हणत बाईंनी पेन उचललं. "मग शिंगं मागून येणार असतील. लिहून घेते."

"लिहू नका," मी म्हणालो.

"का?"

"म्हणजे, काय घाई आहे?"

बाईंनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. "परवाना होता ना कुडूचा?"

"परवाना होता."

"मग लपवताय कशाला?"

"मी कुठे लपवतोय?"

"दाजी, सांगा ना त्यांना," डेल कळवळून म्हणाला आणि त्यानं स्वतःच सांगायला सुरुवात केली. कुडू कुठल्या झाडाखाली उभा होता, कुठल्या गुडघ्यावर पडला, इरास्टस कसा रडला. विमानात मी झोपेच्या भरात सांगितलेलं एकूण एक त्याच्या लक्षात होतं. काही तर माझ्याही लक्षात नव्हतं. जितकं तो माझ्या बाजूनं बोलत होता, तितक्या बाईंच्या भुवया वर चढत होत्या. जनावर मारलंय, साक्षीदार आहे, आणि मारणारा लिहून घेऊ देत नाही. म्हणजे चोरटी शिकार. त्यांनी फोन उचलून वन्यजीव खात्याच्या माणसाला बोलावलं.

आमच्या मागे रांग वाढत होती. एक आजीबाई तर पुढचं नीट ऐकू यावं म्हणून सामानाची गाडी ढकलत जवळ आल्या.

वन्यजीववाले लुंडीन आले. पांढऱ्या मिशा, शांत माणूस. बोलण्यावरून ते आमच्याच उत्तरेकडचे वाटले, आणि त्यामुळे मला धीर आला. तो धीर फार टिकला नाही. त्यांनी आधी शेतावरची माती तपासायची म्हणून बूट मागितले. डेलच्या बुटांच्या तळव्यांतून निम्मा नामिबिया निघाला. ते बूट धुवायला पाठवले. मग त्यांनी माझे बूट उलटे केले. तळव्यावर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती.

मग काडतुसांचा डबा निघाला. त्याचं वेष्टनही फोडलेलं नव्हतं.

"यांनी वाटाड्याची काडतुसं वापरली असतील," डेल म्हणाला.

मग बंदूक. डेलच्या नळीवरच्या लाल पट्टीच्या चिंध्या लोंबत होत्या. माझी पट्टी ताणून बसवलेली, मधोमध सासऱ्यांच्या अंगठ्याचा ठसा. इतकं सगळं रचलं, बोटसुद्धा बुडवून ठेवली, आणि नखानं एक भोक पाडायचं राहून गेलं!

लुंडीन पट्टीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. पट्टी काय असते ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"ही बंदूक झाडलेली नाही," ते म्हणाले.

"बंदूकही वाटाड्याचीच घेतली असेल," डेल म्हणाला. "दाजी, सांगा. तुम्ही खोटं बोलणारे नाही, हे कळू दे यांना." आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

लुंडीन म्हणाले, "हे बघा, मी एकदाच विचारणार. कुडू मारलात का? हो असेल तर तो कुठे आहे ते सांगा, नाहीतर मला पुढची कारवाई करावी लागेल. नाही असेल तर नाही म्हणा."

"बाजूला येऊन सांगितलं तर चालेल?"

"इथेच सांगा."

डोक्यावर ती पाटी. एका बाजूला कैद, दुसऱ्या बाजूला डेल. खरं सांगतो, क्षणभर मी कैदेचा विचार केला. तुरुंगाच्या दाराला खाली फट नसावी.

"नाही मारला," मी म्हणालो. "समोर आला होता. मी नुसता बघत राहिलो."

डेलनं टोपी काढली. मयताला काढतात तशी. मग म्हणाला, "म्हणजे इरास्टस रडला नाही?"

"नाही रे."

"मी बाबांना सांगितलं, दाजी. बाबांनी सगळ्यांना सांगितलं असेल."

एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली, आणि तीही बुटांशिवाय उभं राहून.

लुंडीननी घसा साफ केला. "तुमच्या खोपट्यात शेपूट कापतात का?"

"कापतात," डेल म्हणाला. "नेम चुकला तर."

"पण यांनी गोळी झाडलीच नाही," इबारा बाई म्हणाल्या. "मग चुकला कसं म्हणता येईल?"

यावर चर्चा झाली. कुडूच्या परवान्यावर झाली नव्हती इतकी झाली. शेजारच्या टेबलावरचा अधिकारी आपलं काम सोडून आला. त्याचं म्हणणं, नियम जसा आहे तसाच लावावा, गोळी नाही तर शेपूट नाही. रांगेतल्या आजीबाई म्हणाल्या, मोकळं सोडू नका. शेवटी लुंडीननी निकाल दिला.

"आमच्याकडे न झाडणाऱ्याचंही शेपूट जातं. आणि शिकारीचं खोटं सांगणाऱ्याची बाही जाते."

"आमच्याकडे बाहीचा नियम नाही," डेल म्हणाला.

"तुमच्याकडे तशी वेळ आली नसेल अजून."

इबारा बाईंनी खोकी कापायची कात्री पुढे केली. ती बोथट होती. "दाजी, हलू नका," डेल म्हणाला आणि त्यानं आधी शेपूट आणि मग उजवी बाही खांद्यापासून काढली. बाईंना समोर येईल त्यावर शिक्का मारायची सवय असावी. त्यांनी बाहीवर शिक्का उमटवला: तपासले, हरकत नाही. आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही सुटलो. लवकर मात्र नाही.

बाहेरची सरकती दारं उघडली. समोर मार्लिस, सासूबाई, सासरे आणि निम्मं चर्च. पोरांनी चितारलेला कुडूचा फलक दोघांनी धरला होता. कुडू गाईसारखा दिसत होता. माझा उघडा दंड बघून गलका हळूहळू थांबला. आमच्याकडे कुठल्या माणसाचा शर्ट कुठून कापलाय हे बघितलं की पुढचं विचारावं लागत नाही. फक्त बाही कुणी पाहिली नव्हती.

डेलनं ती सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून शिक्का वाचला.

"सरकारनं कापली?"

"कापली मी," डेल म्हणाला. "शिक्का सरकारचा."

"पट्टी?"

"शाबूत," मी म्हणालो.

सासऱ्यांनी बाहीची नीट घडी करून खिशात ठेवली. "दाराजवळची खाट झाडून ठेवतो, जावईबापू," ते म्हणाले. मार्लिसनं फलकाची गुंडाळी केली आणि मला घरी जाईपर्यंत एकच वाक्य ऐकवलं, की कुडूची शिंगं टांगायला भिंतीवरून काढलेलं घड्याळ आता तुम्हीच परत लावा.

बाही खोपट्याच्या भिंतीवर मधोमध लागली. तिचा बोभाटा इतका झाला, की नोव्हेंबरात आजूबाजूच्या खोपट्यांतले लोक तिला बघायला येतात आणि डेल त्यांना सगळं सांगतो. आता मात्र त्याच्या तोंडी कुडू दर वेळी जवळ जवळ येतोय. पहिल्या वर्षी पन्नास पावलांवर होता, मग पंधरा, आणि यंदा कुडूनं येऊन माझा हात चाटला. मी मध्ये बोलत नाही. कारण गोष्ट चालू असेपर्यंत सगळे मला शेगडीजवळ बसवून घेतात, आणि तेवढी ऊब मिळते.

परवा एका पाहुण्यानं मलाच विचारलं, "काय हो, खरंच चाटला?"

शेगडी छान पेटली होती.

"दोनदा," मी म्हणालो, आणि डेल उठून कात्री शोधायला लागला.