इक्कातोकला उतरायचं नाही

"काहीही झालं तरी इक्कातोकला उतरायचं नाही," एनोकमामा निवीला म्हणाला आणि त्याने वाउटरचा डावा गुडघा कयाकच्या चिंचोळ्या होडीत कोंबला. "उजवा तुम्ही घ्या आत. हां. बसलं."

वाउटर नावाचा हा डच गृहस्थ सहा फूट सात इंच उंच होता आणि देवाने त्याच्या रुंदीतही कुठे कंजुषी केलेली नव्हती. तो कयाकमध्ये बसला असं म्हणणं धाडसाचं होतं. बरणीत लोणचं भरतात तसा मामाने त्याला दाबून भरला होता.

निवी शहाण्या मुलीसारखी मान डोलावत होती. सतरा वर्षांची निवी उन्हाळाभर मामाकडे कयाकवाल्या पाहुण्यांना फिरवायचं काम करत होती आणि उन्हाळाभर तिचं काही ना काही होत होतं. जूनमध्ये तिने एका जोडप्याला वल्ह्यांशिवायच पाण्यात ढकललं. जुलैमध्ये ती पाहुण्यांकडे तोंड करून देवमाशाविषयी माहिती सांगत असताना तिच्या पाठीमागे देवमासा वर आला, फुस्स करून गेला, आणि तो तिच्याखेरीज सगळ्यांनी पाहिला. आजची फेरी हंगामातली शेवटची. ही नीट पार पडली तर पुढच्या वर्षी हिमनदीपर्यंतची तीन दिवसांची सहल निवी एकटीने नेणार, असा मामाने शब्द दिला होता. त्या सहलीची स्वप्नं ती बाराव्या वर्षापासून बघत होती.

"आज शाळेचा पहिला दिवस आहे," मामा बोट नाचवत म्हणाला. "पहिलीत गेलेल्या प्रत्येक पोराच्या घरी आज काफेमिक, येईल त्याला कॉफी आणि केक. वस्तीत पाय ठेवलास की अडकलीस. एक कप कॉफी म्हणतील आणि संध्याकाळ करतील. यांचं जहाज पाचला सुटतं. मला तुम्ही चारला धक्क्यावर दिसला पाहिजेत."

"मामा, मी काय लहान आहे का?"

"लहान असतीस तर बरं होतं. लहान मुलं ऐकतात."

निघाले तेव्हा समुद्र इतका शहाण्यासारखा वागत होता की निवीला संशयच यायला हवा होता. पाणी आरशासारखं, हिमनग उन्हात निथळत उभे. पुढे वाउटर. मागे ब्रांट नावाचं जर्मन जोडपं एका कयाकमध्ये. ब्रांटसाहेब दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघून "वेळेत आहोत" असं जाहीर करत होते आणि ब्रांटबाई दर पंधरा मिनिटांनी "वल्हं मारा" म्हणत होत्या. निवीच्या कयाकमध्ये पुढच्या बाजूला गेर्डाआजी. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम डेन्मार्क, हात एकदम तयारीचे. दोष एकच. निघण्यापूर्वी आजी तीन मग कॉफी प्यायल्या होत्या.

इक्कातोकची रंगीत घरं दिसायला लागली तशी आजींनी मान वळवली. "बाळ, मला जायचंय."

"कुठे, आजी?"

"तिथेच."

निवीने घसा साफ केला. "पुढच्या वळणावर छान वाळू आहे. आपण जेवायला तिथेच थांबणार आहोत. अर्धा तास फक्त."

"बाळ, मला अर्ध्या मिनिटाचीसुद्धा खात्री देता येत नाही."

निवीने किनाऱ्याकडे पाहिलं. नुसता खडक. ना झाड ना झुडूप, आणि समोर अख्ख्या वस्तीच्या खिडक्या. तिने मनात हिशेब केला. सगळ्यात जवळचं लाल घर बिबिआनामावशीचं. आत जायचं, बाहेर यायचं. याला काही कोणी उतरणं म्हणत नाही.

मावशीच्या दारात बुटांचा ढीग होता. आत मावशीची नात सीलच्या कातड्याचे लाल बूट आणि मण्यांची कॉलर घालून राणीसारखी बसली होती. भोवती सगळं गोत.

"मावशी, आजींना फक्त बाथरूम."

"बाथरूम तिकडे," मावशी म्हणाली. "कॉफी इकडे. तुम्ही चौघं असे दारात काय उभे? बूट काढा."

"मावशी, खरंच वेळ नाहीये गं."

"माझी नात आज शाळेत गेली आणि तू माझ्या घरात येऊन नुसती बाथरूम बघून जाणार? थांब, तुझ्या आईलाच फोन लावते."

निवी बसली. पाहुणेही बसले. टेबलावर सात प्रकारचे केक, सुकवलेले मासे, रेनडिअरचं मटण आणि देवमाशाच्या कातडीचे बारीक चौकोनी तुकडे. वाउटरला त्याच्या आईने शिकवलं होतं की परक्या घरी ताटात काही टाकू नये. मावशीला तिच्या आईने शिकवलं होतं की पाहुण्याचं ताट रिकामं दिसू नये. दोन्ही आया आपापल्या जागी थोर होत्या, पण त्यांची गाठ पडल्यावर वाउटरच्या पोटात केकचे सहा तुकडे गेले.

बाहेर पडले तेव्हा साडेबारा वाजले होते. ब्रांटसाहेब म्हणाले, "अजून वेळेत आहोत." निवीने सुटकेचा श्वास घेतला आणि अर्ध्यावर अडकवला, कारण पिवळ्या घराच्या पायरीवर हाताची घडी घालून कारोलिनाआत्या उभी होती.

"झालं का आईकडच्यांकडे?" आत्या गोड आवाजात म्हणाली. "जा, जा. वडलांकडचे आम्ही काय, धक्क्यावरचे दोर. लागले की ओढायचे."

"अगं आत्या, आजींना बाथरूमला जायचं होतं म्हणून..."

"आमच्याकडे पण आहे बाथरूम. गेल्याच वर्षी नवीन बसवलंय. दाखवते ना."

आजींनी नवीन बाथरूम पाहिलं आणि मनापासून वाखाणलं. आत्या जी खूष झाली ती थांबेचना. तिचा मुलगा पांढऱ्या अनोरॅक जाकिटात अवघडून बसला होता. त्याने ब्रांटसाहेबांना आपलं नवं दप्तर दाखवलं, मग दप्तरातली प्रत्येक पेन्सिल. ब्रांटसाहेबांनी आपलं घड्याळ काढून त्याला दिलं आणि काटे कसे वाचायचे ते शिकवायला घेतलं. वेळ सांगणारा एकमेव माणूस अशा रीतीने वेळ शिकवण्यात बुडाला. ब्रांटबाई स्वयंपाकघरात आत्याकडून केकची कृती उतरवून घेत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो येत नव्हती आणि गप्पा थांबत नव्हत्या.

आणि तेवढ्यात निवीच्या खांद्यावरचा रेडिओ खरखरला.

"निवी, कुठे आहात?"

"इक्कातोकच्या जवळ, मामा." हे खोटं नव्हतं. इतकं जवळ जाता येतं याची मामाला कल्पना नव्हती, एवढंच.

"मागे कसला आवाज येतोय?"

"सील आहेत."

रेडिओ पुन्हा खरखरला. "निवी, सील 'मला गुलाबी तुकडा हवा' म्हणतायत."

"मामा, आवाज तुटतोय," निवी म्हणाली आणि तिने बटण बंद केलं.

दोन वाजता ती चौघांना ढकलत बाहेर आणत होती, तर समोरून दुकानवाली योर्गिना येत होती. योर्गिनाशी निवीचं लांबचंही नातं नव्हतं. वाचलो, असं निवीला वाटलं.

"नाही, नाही, तुमचं बरोबर आहे," योर्गिना थांबून म्हणाली. "आम्ही कोण? नात्यातले थोडेच. वाटेने जाताना हात केला तरी खूप झालं."

याच्यापुढे कोणाची काय टाप? योर्गिनाच्या हिरव्या घरात तिच्या जुळ्यांपैकी एक पहिलीत गेला होता आणि दुसरा तापामुळे घरीच राहिला म्हणून भोकाड पसरून बसला होता. गेर्डाआजींनी त्याला मांडीवर घेऊन गप्प केलं. योर्गिनाचे डोळे भरून आले आणि तिने वाउटरचं ताटही भरलं.

पावणेतीनला ते कयाकपाशी पोहोचले. आता जोरात वल्हवलं तर सव्वाचार, साडेचार. मामा ओरडेल, पण जहाज मिळेल. निवीने वाउटरला हात दिला. वाउटर आत उतरला, कमरेपर्यंत गेला आणि थांबला. साच्यातून फुगून वर आलेल्या केकसारखा तो कयाकच्या तोंडावर उरला. पाणी आत येऊ नये म्हणून कमरेला बांधतात तो रबरी परकर त्याच्या बेंबीपर्यंतही पोहोचेना.

"श्वास सोडा," निवी म्हणाली.

"सोडलाय."

"अजून सोडा."

"हा शेवटचाच होता."

हातातले काटेचमचे तसेच घेऊन योर्गिनाकडचे चार पाहुणे मदतीला आले. एकाचं म्हणणं, सीलची चरबी चोळा. दुसरा म्हणाला, तासभर आडवं निजवा, बसेल खाली. तिसऱ्याने त्याला बगलेत धरून उचललं तर कयाकही बरोबर वर आली. आता तो आतही जाईना आणि बाहेरही येईना. गेर्डाआजी हसून हसून खडकावर बसल्या. निवीला मात्र समोर हिमनदी दिसत होती, आणि ती पाऊल पाऊल मागे सरकत होती.

शेवटी योर्गिनाचा सासरा अब्राहाम तोंड पुसत आला. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं, कयाकचं टोक पायाखाली दाबलं आणि वाउटरला मुळ्यासारखा उपटला. "माझी मोटरबोट आहे की," तो म्हणाला. "मघाशीच विचारायचं. बारा मिनिटांत पोहोचवतो. फक्त कॉफी संपवून येतो."

अब्राहामची कॉफी पाऊण तास चालली. पण बोट निघाली ती वाऱ्यासारखी. कयाक मागे बांधलेल्या, पाहुणे गाणी म्हणतायत, ब्रांटसाहेब सर्वांत मोठ्याने. धक्क्याला लागले तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. निवीने उडी मारली आणि छाती पुढे काढून उभी राहिली.

एनोकमामाचा चेहरा वादळी ढगासारखा होता.

"मामा, वेळेआधी आलोय. घड्याळ बघ."

"वेळेचं काय घेऊन बसलीस?" मामा म्हणाला. "इक्कातोकला उतरलीस?"

"आजींना बाथरूमला..."

"ते जाऊ दे. किती घरी गेलीस?"

"तीन. मावशी, आत्या आणि योर्गिना."

"आणि चौथं?"

"चौथं कुठलं? पहिलीतल्या पोरांची घरं तीनच आहेत तिथे."

"जुलैपासून चार आहेत." मामा मटकन दोरांच्या वेटोळ्यावर बसला. "मासळीच्या कारखान्यामागचं निळं घर. मालियाची आई तिथे राहायला आलीय नातीला घेऊन."

येत्या ऑक्टोबरमध्ये मालियाशी मामाचं लग्न व्हायचं होतं. निवीच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला आणि तिला तो अजिबात आवडला नाही.

"होणाऱ्या सासूबाईंचा तीनदा फोन आला," मामा म्हणाला. "तुमची भाची चार परदेशी पाहुणे घेऊन घरोघर हिंडतेय, म्हणाल्या. मी पडदा उघडा ठेवून बसलेय, म्हणाल्या. अगं, एकाही घरी गेली नसतीस तर सगळे माझ्यावर सारखेच रागावले असते. ते चालतं. तीन घरी जाऊन एक सोडायचं म्हणजे मी हिवाळाभर उत्तरं देत बसायचं."

"मग पुढच्या वर्षीची सहल?"

"आधी माझं लग्न वाचू दे, मग बघू सहलीचं."

निवीने पाहुण्यांकडे वळून सगळा घोळ सांगून टाकला. वाउटरने डोळे मिटून घेतले होते. मग ब्रांटसाहेबांनी मनगटाकडे पाहिलं, तिथे घड्याळ नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते शांतपणे म्हणाले, "जहाज सुटायला तासभर तरी आहे. पुष्कळ झाला."

अब्राहामने बोट वळवली. या वेळी मामाही चढला, केस पाण्याने चापून.

निळ्या घरात सासूबाई टेबलाच्या टोकाला ताठ बसल्या होत्या. केक अजून कापलेला नव्हता. मामाने दोनदा हवापाण्याचा विषय काढला आणि तो दोनदा जमिनीवर पडला. मग गेर्डाआजी नातीसमोर उकिडव्या बसल्या आणि तिच्या कॉलरीचे मणी रंगांनुसार मोजायला लागल्या. पोरगी खुदकन हसली. वाउटरने जगाचा निरोप घ्यावा तसा सर्वांकडे एकदा बघून घास तोंडात टाकला. दुसरा टाकला. त्याच्या कपाळावर घाम आला, पण ताट स्वच्छ झालं, आणि त्याने ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

"अजून थोडा," तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याला विटेएवढा तुकडा वाढला. एक मामालाही वाढला, आणि तो खायला लागेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या. मग निवीकडे वळल्या.

"तूच का गं ती भाची?"

"हो, यांच्या बहिणीची."

"रागावलेल्या घरी माणसं घेऊन परत आलीस," सासूबाई म्हणाल्या. "एनोक, पुढच्या वर्षी ती मोठी सहल असते ना तुमची हिमनदीची, ती या मुलीला नेऊ द्या. हिला माणसं सांभाळता येतात. तुमचं काय म्हणणं आहे?"

एनोकमामाच्या तोंडात केकचा मोठा घास होता. त्याने फक्त मान हलवली, आणि सासूबाईंनी ती उभी हलवली असंच धरलं.