सत्तरपैकी आठ

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासरेबुवांच्या तोंडून माझ्याबद्दल कौतुकाचा एक शब्द निघालेला नाही. (तक्रारीचे निघतात, त्या बाबतीत हात सढळ आहे.) म्हणून मी ठरवलं, यंदा त्यांच्या पंच्याहत्तरीला असं काही द्यायचं की त्यांनी तोंडात बोट घातलं पाहिजे.

सासरेबुवा, म्हणजे आमचे बाबा, घड्याळजी. दुकान बंद करून आमच्याकडे राहायला आले ते हत्यारांची पेटी घेऊन. त्या पेटीत एक जुनं, पातळ, तांब्याचं नाणं होतं. अशी नाणी तपासून, त्यांना सत्तरपैकी गुण देऊन, पारदर्शक डबीत कायमची सीलबंद करून देणारी कंपनी असते, हे मला आमच्या ऑफिसातल्या कॅशियरनं सांगितलं. झालं! बाबा आंघोळीला गेल्यावर मी नाणं उचललं, फॉर्म भरला (तीनदा, दोन वेळा नाण्याच्या सालाच्या जागी माझंच जन्मसाल लिहिलं), घसघशीत फी मोजली आणि पार्सल रवाना केलं.

संध्याकाळी बाबा पेटी उपडी करून बसले होते.

"माझं नाणं कुठाय?"

"कुठलं नाणं?" मी म्हणालो. खोटं बोलायला माझा चेहरा अगदी कुचकामी आहे.

"घड्याळांची झाकणं फिरवतो ते."

"दुसरं देऊ का एखादं?"

"जाड पडतं. खाचेत बसत नाही."

पुढचा दीड महिना घरातलं एकेक घड्याळ बंद पडत गेलं आणि बंदच राहिलं. मला चारदा लेटमार्क लागला. बाबांनी सोफ्याची गादीसुद्धा उसवून पाहिली. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "अहो, सांगून टाका त्यांना. नीट जेवतही नाहीयेत." पण सरप्राइज म्हणजे सरप्राइज.

वाढदिवसाला डबी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी चष्मा सारखा करून लेबल वाचलं.

"सत्तरपैकी आठ?"

"कडा झिजल्यात म्हणे. हत्यारासारखं वापरल्यामुळे."

"नापास झालेल्याचा एवढा थाट?" बायको म्हणाली.

"पण अस्सल आहे, बाबा. तसा दाखला दिलाय. फक्त डबी कधी उघडायची नाही. उघडली की दाखला रद्द."

चाळीस वर्षं झाकणं उघडण्यात गेलेल्या माणसाला मी हे सांगत होतो. त्यांनी डबीच्या कडेवरून नख फिरवलं, सांध्यात पातळ सुरी सरकवली आणि मनगट जरासं वळवलं. दोन्ही भाग अलगद सुटले. एक ओरखडा नाही. नाणं त्यांनी खिशात टाकलं. माझी फी आणि चार लेटमार्क डोळ्यांदेखत पाण्यात गेले.

मग ते ती रिकामी डबी निरखत बसले. मधल्या खळग्यात त्यांनी चिमूटभर बारीक स्क्रू टाकले, झाकण दाबून बसवलं, हलवून पाहिलं, उजेडात धरलं. हळूहळू त्यांचा चेहरा खुलला.

"वा, जावईबापू," ते म्हणाले, "पहिल्यांदाच काहीतरी कामाचं आणलंत. अशा आणखी पाच मिळतील का?"