उंबराखालच्या दगडाचं लग्न

एका जंगलात एक उंबर होता. उंबराच्या ढोलीत भागू नावाची खार राहायची, तिचा नवरा लखू राहायचा आणि त्यांची लेक कुसुंबी राहायची. उंबराखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. तोही घरातलाच धरा.

त्या दगडाची रीत नीट ऐका बाळांनो, पुढं लागणार आहे. पावसाळाभर भागू त्याला हिरवं लुगडं नेसवायची. तेव्हा सगळं जंगल त्याला आई म्हणायचं. ऊन तापलं की लुगडं फेडायचं, पटका बांधायचा आणि बाबा म्हणायचं. पावसात वाढवायचं काम, उन्हात राखायचं. देव तोच. हा बाप्या की बाई, असं कुणी कधी विचारलं नाही.

लखूचं काम काय? लखू वरच्या फांदीवर झोपायचा.

कुसुंबी हुशार निघाली. जंगलाच्या विद्यापीठात गेली. तिथल्या रानगवा सरांनी तिला एक प्रकल्प दिला. त्याचं नाव म्हणता म्हणता भूक लागायची: 'पुरातन कथांतील देवत्व आणि स्त्री-पुरुषभेद: एक संगणकीय अभ्यास'. म्हणजे काय, तर जुन्या गोष्टींतले देव मोजायचे, देवी मोजायच्या, संगणकात घालायच्या आणि देवींवर कसा अन्याय झाला ते नकाशावर ठिपके देऊन दाखवायचं. काम चांगलंच होतं हो. मी कशाला नावं ठेवू?

पण वनसभेनं ती यादी धरून फर्मान काढलं. अमावास्येपर्यंत ज्याचं नाव यादीत येईल, त्या देवाची जागा त्याला. बाकीचे दगड उचलून बंधाऱ्यात घालायचे. दगड गेला की वरचं झाडही तोडायचं.

भागू धावतच लेकीकडं आली. "कुसे, आधी आपला देव घाल बाई त्यात. नाहीतर आपण राहायचं कुठं?"

कुसुंबीनं नाव घातलं. पत्ता घातला. तिसरा रकाना आला: पुरुष की स्त्री?

"आई, काय लिहू?"

"लुगडं असलं की बाई, पटका असला की बाप्या."

"एकच चालतं."

"मग रिकामं सोड."

"रिकामं सोडलं की यंत्र पुढं सरकत नाही."

"एवढ्या जंगलाचं कधी अडलं नाही आणि या डबड्याचं अडलं होय?"

कुसुंबी सरांकडं गेली. "सर, एक रकाना वाढवू या का?"

सर रवंथ करत होते. ते संपेपर्यंत ती थांबली. "रकाना वाढवला तर आधीचे चारशे देव पुन्हा भरावे लागतील," सर म्हणाले. "त्यापेक्षा तुमचा दगड दोनदा भर. एकदा देव, एकदा देवी."

"पण सर, दगड एकच आहे."

"दगड असेल एक. नोंदी दोन."

अमावास्या उद्यावर आली होती. कुसुंबीनं दोन नोंदी केल्या. यंत्रानं पाहिलं, दोघांचा पत्ता एकच. त्यानं विचारलं, नातं काय? सरांनीच खूर टेकवला. "एका पत्त्यावर राहतात म्हणजे नवराबायकोच."

मग पुढचं यंत्रानं आपलं आपण भरलं. बाबांपुढं: पराक्रमी. आईपुढं: सोशिक. जागा: पतीच्या नावे.

कुसुंबीनं घरी येऊन ते वाचून दाखवलं. भागू म्हणाली, "म्हणजे पावसाळाभर मी याच्या बायकोला लुगडं नेसवत होते? आणि तेवढे दिवस हा कुठं असायचा?"

कुसुंबीनं वर पाहिलं. वर लखू घोरत होता.

प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. नकाशावर गुलाबी ठिपके निळ्या ठिपक्यांखाली दबलेले दिसत होते. सरांनी भाषण केलं. "बघा," ते म्हणाले, "या उंबराखालच्या देवीला स्वतःची वीतभर जागासुद्धा नाही! किती युगं सोसलं असेल तिनं!" सरांचे डोळे भरून आले. हरिणी तर हुंदके देऊन रडल्या. कुसुंबी तेवढी खाली बघत होती.

आता एवढं सोसलेल्या देवीचा मान राखायला नको? वनसभेनं ठरवलं, दरवर्षी या दोघांचं थाटात लग्न लावायचं. लग्नाला दोन दगड लागतात. म्हणून बंधाऱ्यातला एक दगड आणून शेजारी बसवला आणि भागूच्या हातातलं हिरवं लुगडं घेऊन त्याला नेसवलं.

मग पुजाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली. रकान्यात होतं: घरातला कर्ता पुरुष. चार माकडांनी वर चढून लखूला हलवून उठवलं.

"काय झालं?" लखू म्हणाला.

"तुम्ही महापुजारी झालात, अण्णा."

"बरं," म्हणून लखूनं मानाची शाल पांघरली. तीत ऊब चांगली होती. तो पुन्हा झोपला. भागूचं नावही लिहिलं हो, नाही असं नाही. 'मदतनीस, पतीसोबत.'

तर बाळांनो, उंबर वाचला. ढोली कायमची झाली. कुसुंबीला पदवी मिळाली, लखूला शाल मिळाली. दर लग्नाला दोन टोपल्या अक्रोड घरी येऊ लागले आणि ते फोडायला भागू होतीच. अशी त्या घरावर कृपा झाली. देवाची की देवीची, ते रकान्यात बघा.

तात्पर्य: बाईवरचा अन्याय शोधायला जुन्या पोथ्यांत जाऊ नये. घरच्या घरी एक ताजा करून घ्यावा. नकाशावर तो जुनाच दिसतो.