नातीची शिडी आणि माझी तालीम

भय या विषयावर माझा अधिकार मोठा आहे, हे मी प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो. ज्याचे भय वाटते त्याची पंचमी विभक्ती होते, हा संस्कृतचा नियम मी आयुष्यभर शिकवला आणि शिकवताना स्वतःच त्याचे उदाहरण झालो! विद्यार्थी माझ्या पावलांपासून भीत, सहकारी माझ्या शुद्धलेखनापासून भीत आणि शाळा तपासायला येणारे निरीक्षक माझ्या स्वागतपर भाषणाच्या लांबीपासून भीत. मी मात्र कुणापासूनही भीत नसे. अपवाद एकच, आणि तो आमच्या स्वयंपाकघरात असतो.

तेव्हा नातीच्या भीतीचा बंदोबस्त मी चुटकीसरशी करीन, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती!

नात सोळा वर्षांची. तिच्या हातांवर वाग्देवीच्या धाकट्या बहिणीची, कलेची, पूर्ण कृपा. मातीची चिमणी करून खिडकीत ठेवली, तर शेजारचे मांजर तिच्यापुढे दबा धरून बसते! परंतु परक्या माणसाशी दोन शब्द बोलायचे म्हटले की तेच हात बर्फासारखे गार पडतात आणि वाळूत पाणी जिरावे तसा आवाज जिरून जातो. दाराची घंटा वाजली की पाहुणा दिवाणखान्यात आणि ही न्हाणीघरात! गेल्या वर्षी शिल्पकला विद्यालयात मुलाखत होती. मांडीवर मातीचा बगळा घेऊन बिचारी बाकावर बसली. आतून नाव पुकारले. ती उठली, आणि आत जाण्याऐवजी थेट फाटकातून घरी आली. बगळा बाकावरच राहिला.

यंदा पुन्हा मुलाखत होती. "या वेळी जमलं नाही, तर परत कधी अर्ज करणार नाही," असे तिने आईला सांगितले होते. हे मी दाराआडून ऐकले आणि त्या रात्री मला अन्न गोड लागले नाही.

सूनबाईने खटपट करून संगणकावरचा एक कार्यक्रम शोधून काढला. लोकांत वावरायची धास्ती घेणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठीच तो केलेला. घरी बसून, आपला आपण करायचा. पडद्यावर एक ताई येते, शांतपणे समजावते आणि एक शिडी देते. प्रत्येक पायरी म्हणजे थोड्या भीतीचे एक काम. आधी सांगायचे, मला काय होईल असे वाटते. मग ते काम करायचे. मग सांगायचे, खरोखर काय झाले.

"लोक आपल्याकडे बघत नसतात," ताई सांगत होती. "त्यांना त्यांचे व्याप असतात. विश्वास ठेवू नकोस, बाहेर जा आणि स्वतः खात्री करून घे."

पहिली पायरी होती: दुकानात जाऊन एखादी वस्तू पाहायला मागायची आणि न घेता परत यायचे.

"काय होईल असं वाटतंय?" सूनबाईने विचारले.

"वह्यावाले काका ओरडतील. सगळे वळून बघतील. मी तिथेच मरेन."

मी न राहवून आत शिरलो. "मरण्याचे कारण नाही, बाळ! मी येतो बरोबर."

"मामंजी," सूनबाई म्हणाली, "घरच्यांनी अजिबात मध्ये पडायचं नाही. ताईंनी मुद्दाम सांगितलंय."

"मी कशाला पडतोय मध्ये?" मी म्हणालो आणि पडायची तयारी करू लागलो.

वाचकहो, माझी भूमिका समजून घ्या. शाळेत तपासणी असली की कोणता प्रश्न येणार आणि उत्तराला हात कोण वर करणार, हे आम्ही आदल्या दिवशीच पक्के करून ठेवत असू. कुणाचे काही बिघडले नाही! मग नातीची तपासणी घेणाऱ्या जगालाही आदल्या दिवशी थोडे पढवून ठेवले, तर त्यात कसला अधर्म?

वह्या, पेन्सिली, रंग विकणारा आमच्या रस्त्यावरचा दुकानदार म्हणजे आवाजाची गिरणी. त्याला मी गाठले.

"उद्या माझी नात येईल. ब्रश पाहील, घेणार नाही. तिच्यावर खेकसू नका."

"गुरुजी, मी कशाला खेकसतोय? मी कधी कुणावर खेकसतो का?" तो कळवळून म्हणाला आणि त्याच श्वासात पलीकडच्या गिऱ्हाइकावर गरजला, "ओ बाई, ते पाकीट उघडू नका!"

"हे पाहा! हेच!"

"बरं बरं. हसून बोलतो. झालं?"

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या विजेच्या खांबामागे वर्तमानपत्र उघडून उभा राहिलो. खांब माझ्यापेक्षा सडपातळ होता. तथापि दुसरा नव्हता. नात भिंतीला खांदा घासत येताना दिसली. दुकानदाराने तिला लांबूनच हेरले. केसांवरून हात फिरवला. गल्ला सोडून पायरीवर आला. आणि हसला! जो मनुष्य वर्षानुवर्षे हसलेला नाही, त्याचे हसू ते! गंजलेल्या शटरसारखे करकरत अर्धे उघडले आणि तिथेच अडकले.

"का... काका..." नात म्हणाली.

"शाब्बास!" दुकानदार गरजला. "छान बोललीस! घाबरू नकोस हं बाळा! काहीही घेऊ नकोस!"

रस्त्यावरची यच्चयावत माणसे थांबून बघू लागली. नात जी पळाली, ती घराचे दार लावूनच थांबली.

"आजोबा," संध्याकाळी ती मला म्हणाली, "त्यांनी मला नुसतं बघूनच ओळखलं. म्हणजे माझ्या तोंडावरच दिसतं सगळं."

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवे होते. मी मात्र असा निष्कर्ष काढला की तालीम अपुरी पडली.

दुसरी पायरी वाचनालयातली होती. चार माणसे बसलेली असताना ग्रंथपालबाईंना मोठ्याने एक प्रश्न विचारायचा. ग्रंथपालबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी, शिस्तीच्या. "निश्चिंत असा, गुरुजी," त्या म्हणाल्या, "एकही मान वर होणार नाही."

खिडकीबाहेरून मी पाहिले, तर खरोखरच एकही मान वर नव्हती! वाचनकक्षातल्या समस्त मंडळींनी नाकापुढे वर्तमानपत्रे अशी धरली होती, जणू गोळीबार होणार आहे. एका पेन्शनर गृहस्थांचे तर उलटे होते. कक्षात इतकी शांतता की पंखासुद्धा दबकत फिरत होता. असल्या शांततेत माझी नात आत आली.

"क... कलेची पुस्तकं कुठे आहेत?"

सगळी वर्तमानपत्रे एकदम चार बोटे खाली आली. सगळे डोळे तिच्यावर! सगळी वर्तमानपत्रे एकदम वर! आणि मग त्या उलट्या वर्तमानपत्रामागून पेन्शनरांना उमाळा आवरेना.

"जमलं! जमलं की हो पोरीला!"

त्यांनी टाळी वाजवली. संसर्ग फार वाईट! सारा कक्ष टाळ्या वाजवू लागला.

त्या संध्याकाळी संगणकाचे झाकण बंद होते. नात त्यावर हात ठेवून बसली होती. रडत नव्हती, हेच अधिक भयंकर होते.

"ती ताई म्हणाली, बाहेर जाऊन खात्री कर," ती हळू म्हणाली. "मी केली. कुणी बघत नसतं म्हणे! सगळे बघतात, आई. पेपर आड धरून बघतात. माझ्यातच काहीतरी वेडंवाकडं आहे. मुलाखतीला मी नाही जाणार."

माझ्या हातातला चष्मा खाली पडला. ज्या भीतीला जगात आधार नव्हता, तिला आधार मी घरोघर हिंडून मिळवून दिला होता! आत्ताच्या आत्ता सांगून टाकावे म्हणून मी तोंड उघडले. वाचकहो, ज्या जिभेने सभा जिंकल्या ती हलन्त झाली! स्वरच फुटेना.

"अहो, घशात काय अडकलंय?" सौभाग्यवतींनी विचारले. "पाणी देऊ?"

जे अडकले होते, ते पाण्याने उतरणारे नव्हते.

रात्रभर तळमळून मी उपाय काढला. माणसांना पुन्हा माणसांसारखे वागायला शिकवायचे! सकाळी दुकान उघडताच मी दुकानदाराला आणि ग्रंथपालबाईंना एकत्र केले. औषधाच्या दुकानातला तरुण आपण होऊन आला. तिसऱ्या पायरीसाठी मी त्याला पढवून ठेवले होते आणि आपला नंबर हुकला म्हणून तो हिरमुसला होता.

"पूर्वीसारखे वागा," मी आज्ञा केली. "नैसर्गिक! थोडे खेकसलात तरी चालेल."

"आता खेकसू?" दुकानदार वैतागला. "गुरुजी, एकदा काय ते ठरवा! परवापासून माझा गाल दुखतोय."

"तालीम करू. मी नात होतो."

मी खांदे पाडले, मान खाली घातली आणि बारीक आवाजात म्हणालो, "काका... ब्रश दाखवता का?"

"चल, हो पुढे!" दुकानदार म्हणाला.

"फार झाले! थोडे कमी. पुन्हा. काका... ब्रश..."

औषधवाल्या तरुणाने अचानक डोळे मोठे केले. ग्रंथपालबाईंनी सवयीने वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. मी वळलो.

नात माझ्या मागे उभी होती. शेवटचे एकदा, कुणालाही न सांगता पहिली पायरी चढून बघावी, म्हणून आली होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. तिने माझ्याकडे पाहिले, त्या तिघांकडे पाहिले, मग परत माझ्याकडे. मी अव्ययासारखा उभा! लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही!

"ह्यांनी पढवलं होतं तुम्हाला?" तिने विचारले.

"मी नाही हसत एरवी," दुकानदार ओशाळून म्हणाला. "खांबामागून गुरुजी बघत होते, म्हणून."

"पोट दिसत होतं," नात म्हणाली. "दोन्ही बाजूंनी. मला वाटलं, मला भास होतोय!" तिचा आवाज थरथरत होता, पण जिरत नव्हता. "दोन रात्री मी झोपले नाही, आजोबा! मला वाटलं, मी वेडी झाले! सगळे माझ्याकडे बघतात असं वाटणं हाच माझा आजार आहे, आणि तुम्ही खरोखरच सगळ्यांना बघायला लावलंत? मला भीती वाटते, ती माझी आहे. मला चढू द्या ना! पडले तर पडेन. तुम्ही शिडी धरू नका, तुम्ही ती हलवताय!"

एव्हाना रस्त्यावर दहा माणसे जमली होती. एका सायकलवाल्याने तर ऐकण्यासाठी पाय टेकला होता. नातीने त्यांच्याकडे पाहिले. मला वाटले, आता ही पळणार.

ती दुकानदाराकडे वळली. "काका, तो जाड ब्रश दाखवा."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले. त्याने ब्रश काढून ठेवला. तिने तो उलटसुलट केला, केसांवरून बोट फिरवले.

"नको. केस गळतात ह्याचे."

हा आघात त्याच्या मर्मी बसला! सारी तालीम तो क्षणात विसरला.

"केस गळतात? घ्यायचा नसेल तर मांडामांड कशाला करायला लावता हो सकाळी सकाळी!"

असा खणखणीत, अस्सल, निखळ खेकसला तो! आणि नात हसली. "पाहिल्याशिवाय कसा घेणार, काका?" असे म्हणून रिकाम्या हाताने पायरी उतरून गेली. माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही. परंतु संध्याकाळी संगणकाचे झाकण उघडे होते.

मुलाखतीच्या दिवशी तिने मला बरोबर नेले, ते एका अटीवर: बाकावर बसायचे आणि कुणाशीही एक अक्षर बोलायचे नाही. फडक्यात गुंडाळलेले काहीतरी छातीशी धरून ती आत गेली. जाताना तिचा हात माझ्या हाताला लागला. बर्फासारखा गार! पण गेली.

मी बाकावर. दार बंद. काही वेळाने आतून हसण्याचा मोठा लोट आला. हसतात? माझ्या लेकराला हसतात? अट विसरून मी दाराशी बसलेल्या शिपायाकडे धावलो.

"काय पाहिजे?" त्याने विचारले.

आणि काय सांगू, वाचकहो! त्याने केवळ मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि माझे तळहात गार, घसा कोरडा, शब्द नाहीसे! "क... काही नाही," एवढे पुटपुटून मी बाकावर परत आलो. नात रोज काय चढत होती, ते मला त्या चार पावलांत कळले.

दार उघडले. नात लालबुंद होऊन बाहेर आली.

"तुला हसले का ते, बाळ?"

"नाही. तुम्हाला."

तिने फडके बाजूला केले. मातीचा एक बारीक खांब होता आणि त्याच्यामागे वर्तमानपत्र उघडून उभा असलेला एक म्हातारा. पोट दोन्ही बाजूंनी बाहेर!

"हे कोण, असं विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "मग मी सगळी गोष्ट सांगितली. पहिल्यापासून. थांबलेच नाही."

तिची निवड झाली. ते शिल्प विद्यालयाच्या प्रवेशद्वारातल्या काचेच्या कपाटात मांडून ठेवले आहे. परवा तिला डबा द्यायला गेलो होतो. ताईंचे मत काहीही असो, तिथे येणारे-जाणारे सगळे माझ्याकडे बघतात. मी स्वतः खात्री करून घेतली आहे!